मॅडमचा कॉम्प्युटर

आमच्या नाशिकरोडच्या कॉलेजात लॅबच्या सगळ्या मशीनवर उतरवायला मी एकच डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची तयार प्रत, बनवत होतो. ती सुरूच होईना. मशीनला जागं करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, तिच्यात बसत नव्हता. माझं मशीन फार संथ, म्हणून सहकारी मॅडमच्या कॉम्प्युटरवर बसलो होतो. चौथ्या खेपेला कमांडमध्ये इमेजऐवजी त्यांच्याच डिस्कचं नाव गेलं. या वेळी एरर आली नाही, तेव्हाच कळलं, माझा बूटलोडर त्यांच्या डिस्कवर, त्यांच्या बूटलोडरच्या जागी बसला होता. मी उठून घरी गेलो.

सकाळी त्यांचा कॉम्प्युटर चालू होईना.

"मीच काल नीट बंद केला नसेल हो, सर," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याचा एकच उपाय. "डिस्क उडालीय, मॅडम. फॉरमॅट मारतो. आत काही होतं का?"

"आईनं म्हटलेल्या अहिराणी ओव्या. आई नाही आता. पण उडालीच म्हणता, तर मारा."

डिस्क उडाली नव्हती, फक्त तिचा बूटलोडर गेला होता. ओव्या आत जशाच्या तशा होत्या. हे फक्त मला माहीत होतं. थांबा म्हटलं असतं, तर मला कसं माहीत तेही सांगावं लागलं असतं. मी चहाचा कप धरून उभा राहिलो. त्यानं फॉरमॅट मारला.

मॅडम अजूनही कॉम्प्युटर बंद करण्याआधी मला विचारतात, "असाच ना, सर?"