ऑर्व्हिलनं न तपासलेली कात

विचिटा शहरात टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्या प्रत्येकाला ऑर्व्हिल टेनंटचं घर ठाऊक होतं. जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवलेला हा म्हातारा. हात अजून स्थिर, तोंड मात्र फटकळ. कोळ्यानं कात टाकली की मालक ती औषधाच्या डबीत घालून त्याच्याकडे आणत. ऑर्व्हिल ती साबणाच्या पाण्यात मऊ करी, दातकोरणीनं उलगडी आणि पोटाच्या भागात, सूक्ष्मदर्शकाखाली, एक चिमुकली पिशवी शोधी. पिशवी असली तर मादी, म्हणजे वीसेक वर्षांची सोबत. नसली तर नर, वयात आला की वर्षभराचा पाहुणा. कोणी रडवेलं झालं तरी तो म्हणे, "मी नाही घातला त्याला जन्माला. आहे ते सांगतो."

स्वतःच्या पर्लची, त्याच्या पाळीव कोळिणीची, कात मात्र त्यानं कधीच तपासली नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याची बायको रूथ गेली, त्याच आठवड्यात शेजारची लोरीन हे पिल्लू घेऊन आली. लोरीन कोळ्यांची पैदास करायची आणि तीस वर्षांपासूनची त्याची मैत्रीण होती. "मादी आहे," ती म्हणाली. "तू गेल्यावर तुझ्या मागेही राहील." रूथनंतर ऑर्व्हिलला पुन्हा कोणाच्याच मागे राहायचं नव्हतं. रोज संध्याकाळी पर्लच्या काचेपाशी बसून तो अख्ख्या गल्लीची गाऱ्हाणी तिला सांगे.

परवा पर्लनं कात टाकली. आज ती काचेवर चढली आणि पुढच्या पायांखाली त्याला गळासारखे वाकलेले दोन बारीक आकडे दिसले. असे आकडे वयात आलेल्या नरालाच असतात. ऑर्व्हिलनं कपाटातल्या जुन्या तीन काती काढल्या, भिजवल्या, पाहिल्या. एकीतही पिशवी नव्हती.

तो तडक लोरीनच्या स्वयंपाकघरात गेला. ती टोमॅटोच्या बरण्या पुसत होती.

"पर्ल नर आहे."

लोरीन पुसतच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो. द्यायच्या आधीच कात बघितली होती मी."

"चार वर्षं, बाई! चार वर्षं तुझ्या टेबलावर जेवलो आणि तू केसानं गळा कापलास माझा."

"अरे, तू तेव्हा धड खात नव्हतास, बोलत नव्हतास. 'जगेल असं काहीतरी दे' म्हणालास. माझ्याकडे नरच उरले होते. काय सांगायचं होतं मी?"

"खरं! दुसरं काय?"

तिनं दयेपोटी केलं, हेच त्याला जास्त झोंबलं. आता हिची तीस वर्षांतली कुठली गोष्ट खरी धरायची? त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग लोरीनही भडकली. "आणि तू रे? गावभरच्या काती बघतोस. हिच्या तीन काती तुझ्याच कपाटात होत्या, सूक्ष्मदर्शक टेबलावर. एकदा तरी का नाही बघितलंस?"

ऑर्व्हिल दारापर्यंत पोचला होता. तिथूनच म्हणाला, "तू सांगितलं होतंस ना, म्हणून."