बारा हॉर्सपॉवरची चोरी

तो तक्रार अर्ज मला अजूनही शब्दन्‌शब्द पाठ आहे. मे महिन्यातली सकाळ होती. ठाण्यातले पंखे गरम हवा ढवळत होते. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या महिला हवालदारांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला, तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. हसू दाबायची त्यांची ती पद्धत. अर्जात लिहिलं होतं, 'माझ्या मोटारसायकलचे बारा हॉर्सपॉवर सदर इसमाने काढून घेतले असून ते मला परत मिळवून द्यावेत.'

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शेळ्या शोधून दिल्या, विहिरीवरच्या मोटारी शोधून दिल्या. एकदा मंगल कार्यालयातलं पातेलं आमटीसकट हस्तगत केलं होतं. हॉर्सपॉवर मात्र पहिल्यांदाच चोरीला गेले होते. निवृत्तीला तीन महिने उरलेला निरीक्षक असले अर्ज सहसा खालच्या माणसाकडे सरकवतो. मी सरकवला नाही. खोटं कशाला सांगू, माझा त्यात स्वार्थ होता.

मला मोटारसायकलींचं वेड आहे. घरच्या अंगणात ताडपत्रीखाली माझी स्वतःची क्रूझर उभी होती. वापरलेली घेतलेली, आधीच्या मालकाने इंजिनात मोठा पिस्टन आणि मोठा एअर फिल्टर बसवलेली. त्याने लावलेला फटफट्या सायलेन्सर मी पहिल्याच दिवशी काढून कंपनीचा लावला, कारण तसल्या सायलेन्सरवर मीच लोकांना दंड करत होतो. निवृत्त झालो की गाडीचं डायनो ट्यूनिंग करून घ्यायचं आणि लांब निघायचं, असं मनात पक्कं होतं. पण शहरात विश्वासाचं दुकान कोणतं, हे सहा महिने विचारूनही कळलं नव्हतं. दोनच दुकानं होती आणि दोघांचीही गिऱ्हाइकं एकमेकांना शिव्या देत होती. आता दोन्ही दुकानं एकाच अर्जात माझ्या टेबलावर आली.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला जड लोखंडी रूळ. त्यावर गाडीचं मागचं चाक ठेवायचं, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. रूळ किती जोमाने फिरला त्यावरून चाकापर्यंत किती ताकद पोचते ते संगणक काढतो आणि कागदावर आलेख छापतो. तो आलेख बघत इंजिनातलं पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बसवायचं, याला ट्यूनिंग म्हणतात.

अर्जदार तिशीतला तरुण. घरी चादरी-टॉवेलचा कारखाना. घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलायचा आणि फोन ठेवला की आमच्याशी सोलापुरी मराठीत.

"साहेब, हायवेवरच्या दुकानात ट्यूनिंग केलो. पन्नास हॉर्सपॉवर आले. हे बघा, छापील कागद हाय," तो म्हणाला. "महिन्याने गाडी जरा टकटक करायला लागली म्हणून कुंभारीच्या वाटेवरच्या शेडमध्ये दाखवायला गेलो. त्यानं रुळावर चढवली आणि अडतीसचा कागद हातात दिला. बारा गेले कुठं? त्यानं आतला माल बदलला की."

दोन्ही कागद मी शेजारीशेजारी ठेवले. दोन्हीवर शिक्के होते, तारखा होत्या, आलेख होते. एकाचा डोंगर उंच, दुसऱ्याचा बुटका.

त्याच दुपारी मी हायवेवरच्या दुकानात गेलो. काचेच्या भिंती, गार हवा, भिंतीवर मोठा टीव्ही. मालक गोड बोलणारा. त्याने एक गाडी रुळावर चढवून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. गाडी जागेवरच उभी आणि काटा ताशी एकशे वीसवर! पायाखालची फरशी थरथरत होती. टीव्हीवर रेघ चढत गेली तशी मालकाने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं असेल ते मला आता बरोबर कळतं. मी त्याच्या बाजूचा होऊनच ठाण्यात परतलो. ज्याच्याकडे एवढी टापटीप तो खरा, असं मी धरून चाललो. फिर्याद दाखल करायची, दुसऱ्याला ताब्यात घ्यायचं आणि त्याचं मशीन मुद्देमाल म्हणून उचलून आणायचं, इथवर मी मनात ठरवलं होतं. टेम्पोसुद्धा सांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेडवाल्याला जाबजबाबासाठी बोलावलं. चाळिशीतला, अंगाने काटकुळा माणूस. आईने कुंभारीच्या कामगार वसाहतीत विड्या वळून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. तो खुर्चीवर टेकला, पण नजर माझ्यामागच्या खिडकीबाहेर. तिथे आमचं आवार आहे. जप्त केलेल्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं उभ्या असतात. टायर बसलेले, सीटमधून गवत आलेलं. मी सेवेत नवा असताना एका गिरणीवाल्याची चक्की जप्त केली होती. तो निर्दोष सुटला तोवर चक्कीला गंजाने खाल्लं होतं. त्याने नंतर गिरणी काढलीच नाही.

"साहेब, मशीन उचलणार का?" त्याने विचारलं.

"तुम्ही गाडीतलं काय काढलं ते सांगा, मग बघू."

"काय बी काढलं न्हाय. इंजिन उघडलंच न्हाय. हाय तेवडं दाखवलं."

"मग दुसऱ्या मशीनवर बारा जास्त कसे?"

"ते मी कसं सांगू? मी त्यांच्या दुकानात गेलो न्हाय."

तासभर मी त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी गोष्ट सजवून सांगतो, हा माझा अनुभव. याची गोष्ट तिन्ही वेळा तेवढीच आखूड होती. उलट तो मध्येच म्हणाला, "त्या पोराला आदी सांगा, गाडी लांब नेऊ नको म्हणावं. पेट्रोल कमी सोडलंय, इंजिन लई तापतंय. हायवेवर जाम झालं तर मागचं चाक जागेवर धरंल." स्वतःवर गुन्हा दाखल व्हायची वेळ आलेली आणि हा फिर्यादीच्या जिवाची काळजी करतोय. माझी पेन्सिल थांबली.

मी सहज विचारलं, "मशीन चुकू शकतं का?"

"मशीन चुकत न्हाय, साहेब. पण त्याला आदी सांगावं लागतं, आज हवा किती गरम हाय, हवेचा दाब किती हाय. उंचावर हवा विरळ, तितं गाडी कमी ओढते. म्हणून मशीन तेवडी भर घालून आकडा देतं."

"आणि हे त्याला कोण सांगतं?"

"आमीच की. माझ्याकडं भिंतीला बॅरोमीटर हाय. बघतो आन्‌ टाकतो."

मी दोन्ही कागद पुन्हा ओढून घेतले. आतापर्यंत आम्ही सगळे आलेखाच्या डोंगराकडे बघत बसलो होतो. कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती. माझ्या चष्म्याला ती दाद देईना. मी हवालदार मॅडमना हाक मारली. त्या अक्कलकोटच्या. घरी कन्नड बोलतात, ठाण्यात मराठी, आणि स्टेशन डायरीतला एक मिनिटाचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी ओळ वाचली.

"साहेब, कुंभारीवाल्यांचा दाब नऊशे पंचावन्न. हायवेवाल्यांचा सातशे पंचावन्न. तापमान दोन्हीकडं चाळीसच."

मी तडक वेधशाळेत फोन लावला आणि सोलापूरचा हवेचा दाब विचारला. नऊशे पंचावन्न मिलिबारच्या आसपास, उत्तर आलं. मी विचारलं, आपल्याकडे सातशे पंचावन्न कधी होतो? पलीकडचे गृहस्थ हसले. म्हणाले, "साहेब, त्यासाठी तुम्हाला हिमालयात जावं लागेल."

पोलिसाच्या नोकरीत असे क्षण फार थोडे येतात, आणि आले की माणूस पंचवीस वर्षांनी तरुण होतो. सोलापुरात बसून तो हायवेवाला मशीनला सांगत होता, मी हिमालयात आहे! आणि मशीन बिचारं इमानेइतबारे भर घालत होतं.

पण एका कागदावरून गुन्हा उभा राहत नाही. आकडा टाकताना चूक झाली, असं म्हणून तो मोकळा झाला असता. मटक्याच्या धाडीला आम्ही डमी गिऱ्हाईक पाठवतो, तसंच पाठवायचं ठरवलं. वरिष्ठांची परवानगी घेतली, डायरीला नोंद केली. गाडी कोणाची, हा प्रश्न आला. सरकारी गाडी दुरून ओळखू आली असती.

"माझी न्या," मी म्हणालो, आणि ताडपत्री निघाली.

हवालदार मॅडम साध्या वेशात हेल्मेट घालून गाडीवर बसल्या. त्यांचा वाहनचालक परवाना मी तपासला नाही, त्यांनीच पुढे केला. पंच म्हणून कॉलेजातले एक भौतिकशास्त्राचे शिक्षक मागे बसले. मी रस्त्यापलीकडे खासगी जीपमध्ये थांबलो. काचेआडून माझ्याच गाडीची गर्जना ऐकू येत होती आणि मला खाली उतरायची मुभा नव्हती. शाळेच्या निकालाच्या दिवशीही माझी अशी अवस्था झाली नसेल.

मॅडम कागद घेऊन आल्या. एकोणतीस हॉर्सपॉवर. खाली मुंगीएवढं, सातशे पंचावन्न.

आता खरं सांगतो. खालच्या ओळीकडे माझं लक्ष आधी गेलंच नाही. एकोणतीस वाचून छाती फुगली. माझी गाडी, एकोणतीस! पाऊण मिनिट मी तपास अधिकारी नव्हतो, गिऱ्हाईक होतो.

तिथून गाडी थेट कुंभारीच्या शेडमध्ये. शेडवाल्याला गाडी कोणाची ते सांगितलं नव्हतं. त्याने इंजिन गार होऊ दिलं, टायरमधली हवा मोजली, बॅरोमीटर पाहिला, तीनदा गाडी पळवली. बावीस.

"मालकाला म्हणावं, ट्यूनिंग आत्ता करू नका," तो मॅडमना म्हणाला. "फिल्टरपाशी हवा गळतीय. ती आदी बंद करा, मग या." एकोणतीसचं बावीस झालेलं ऐकून मला त्याचा राग आला. त्याच क्षणी मला अर्जदार कळला. त्याला बारा हॉर्सपॉवर हवे होते म्हणून तो चोर शोधत होता.

मग हायवेच्या दुकानावर पंचांसमक्ष गेलो. संगणक उघडला. गेल्या कित्येक महिन्यांतली प्रत्येक गाडी, उन्हाळा असो की थंडी, सातशे पंचावन्नवरच. गोड मालकाने आधी मशीनच्या कंपनीवर ढकललं, मग कामगारावर. मी एकोणतीस आणि बावीसचे कागद त्याच्यासमोर ठेवले आणि गाडी माझी आहे म्हणून सांगितलं. त्याने पाणी मागितलं.

"साहेब, लोकांना पाहिजे ते दिलं," तो म्हणाला. "खरा आकडा सांगितला की माणूस उठून जातो. कुंभारीवाला खरं सांगतो, त्याच्याकडं कोण जातं का बघा. तुमीच सांगा, पयला कागद बघून तुमाला बरं वाटलं का न्हाय?"

चौतीस वर्षांत आरोपीने विचारलेला एवढा सरळ प्रश्न मला आठवत नाही. मी पंचांकडे पाहिलं आणि पंचनामा पुढे लिहायला सांगितला.

फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. अर्जदाराने पहिला अर्ज मागे घेतला आणि नवी फिर्याद दिली. गाडी हायवेवर नेऊ नकोस हा निरोप मी त्याला शेडवाल्याचा जबाब संपायच्या आतच दिला होता, आणि नशिबाने त्याने तो ऐकला. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनचा माथा करपून खळगे पडलेले होते. आणखी थोडा पल्ला मारला असता तर मला बहुधा अपघाताचा पंचनामा लिहावा लागला असता. ते पाहून तो पोरगा शेडमध्येच मटकन खाली बसला. मग उठला आणि शेडवाल्याच्या पाया पडायला वाकला. शेडवाल्याने त्याला मध्येच धरलं. सांगून ठेवलेला टेम्पो मी परत पाठवला. त्या रिकाम्या टेम्पोकडे पाहून मला जेवढं हलकं वाटलं, तेवढं एखादा मुद्देमाल सापडल्यावरही वाटलं नव्हतं.

शेडवाल्याला मी एकच गोष्ट सुचवली. आम्ही पंचनाम्यावर पंचांची सही घेतो, कारण पाहणारा साक्षीदार लागतो. तूही बॅरोमीटर गिऱ्हाइकालाच वाचायला लाव, आकडा त्याच्या हाताने लिहून घे, खाली सही घे. त्याने ते मनावर घेतलं.

तपासात मी आयुष्यभर विचारत आलो, खोटं कोण बोललं. ते खोटं ऐकायला कोण उत्सुक होतं, हेही तेवढंच विचारायला हवं होतं, हे मला शेवटच्या तीन महिन्यांत कळलं. कित्येक जुन्या फायली आठवल्या आणि चुटपुट लागली.

निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी क्रूझर घेऊन कुंभारीच्या वाटेला लागलो. शेडबाहेर माझ्याआधी चार गाड्या उभ्या होत्या. शेडवाल्याने मला पाहून खुर्ची पुसली, पण नंबर मोडून आत घेतलं नाही, आणि मी तसं म्हणालोही नाही. माझी पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. फिल्टरची गळती बंद झाली होती. तीन तास गाडी किंचाळत होती आणि मी रुळाशेजारी लहान पोरासारखा उभा होतो. बावीसचे पंचवीस झाले. फक्त तीन वाढले. त्या तीनांसाठी मला नाचावंसं वाटलं.

गाडी पळवण्याआधी, सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नेत होता तसं, "साहेब, आदी हितं बघा," म्हणत त्याने मला भिंतीकडे नेलं होतं. मी बॅरोमीटर वाचला, नऊशे चोपन्न, कागदावर लिहिलं आणि सही केली. सहीखाली हुद्दा लिहायला हात आपोआप गेला आणि थांबला. कागदावर तिथे रिकामी जागा होती. मी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'गाडीमालक'.