बद्रीनाथअण्णांची रुजुवात

युसूफ वडगावच्या बद्रीनाथअण्णांच्या घरात दोन वस्तूंना दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. एक, फुटाफुटावर गाठ मारलेला दोर. आणि दुसरी, बैठकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक. दोराने अण्णा दर दसऱ्याला आणि अक्षय तृतीयेला गावातल्या तेवीस विहिरींचे पाणी मोजीत आणि आलेला आकडा त्याच सायंकाळी संगणकात लिहून ठेवीत. हा क्रम १९९८पासून चालू होता. कागदावरच्या वह्या मध्यंतरी वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे जवळजवळ बाराशे नोंदी आता त्या एका यंत्रातच उरल्या होत्या.

अण्णांची सारी नोकरी न्यायालयाच्या नकल शाखेत झाली. एकाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे आणि अक्षरन् अक्षर जुळल्यावरच सही करायची, या रुजुवातीत त्यांची एकतीस वर्षे गेली. माणूस चुकतो, आणि चुकला नाही तर चुकवतो, असा त्यांचा त्यातून झालेला ग्रह होता. २००४ साली पुतण्या रविराज याने न विचारता संगणकात फ्लॉपी घातली, तेव्हा अण्णांनी मेणबत्ती पेटवून त्या फटीत लाख ओतली आणि वर पितळी शिक्का उमटवला. मागच्या स्क्रूंवरही लाख चढली. नोंदी सुरक्षित झाल्या, असे समजून त्या रात्री ते स्वस्थ झोपले.

यंदाच्या श्रावणात यंत्र सुरू होताना खडखडू लागले. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला चार दिवस उरले होते. गावविहिरीपासून दोनशे फुटांवर विजयसिंहांना खोल बोअर घ्यायचे होते आणि तो विषय सभेपुढे येणार होता. आजवर जेव्हा जेव्हा खोल बोअर झाले, तेव्हा तेव्हा शेजारच्या विहिरी किती फूट उतरल्या, हे सांगणारा पुरावा गावात दुसरा नव्हता. यंत्र बंद पडले असते, तर गावविहिरीची बाजू मांडायला काहीच उरले नसते.

नाइलाजाने अण्णांनी बीडहून चाँदभाईंना बोलावले. जुने संगणक दुरुस्त करणारा तेवढाच एक माणूस बसस्थानकामागे उरला होता. पण विजयसिंहांच्या दूध संकलन केंद्रातले संगणकही तेच सांभाळीत, हे अण्णांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी खुर्ची अशी मांडली की चाँदभाईंचे दोन्ही हात सतत डोळ्यांसमोर राहावेत.

चाँदभाईंनी फटीवरून बोट फिरवले. "अण्णा, ही लाख कावून वतली यात?"

"बंदोबस्तासाठी."

"बंदोबस्त लई झकास झाला. आता अल्लामियाँनं फ्लॉपी घातली तरी आत जायची न्हाई." त्यांनी पाठीमागे पाहिले. "खोलून आतली डिस्कच काढतो की."

"यंत्र उघडायचे नाही. घराबाहेर न्यायचे नाही."

"तसं बी उघडण्यात जोखीमच हाय. आवाज लई वाईट येतोय. धक्का बसला तर मुकाच होईल." चाँदभाईंनी पिशवीतून जाडजूड जुना लॅपटॉप आणि हातभर केबल काढली. केबलच्या दोन्ही टोकांची जोडणी त्यांनी घरीच केलेली दिसत होती. "ही एका मशीनचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घालते. या लॅपटॉपला जुनं तोंडबी हाय आणि पेनड्राइव्हचंबी. मधला दुभाषी समजा."

दुभाष्यांवर अण्णांचा नोकरीतही विश्वास नव्हता. "वाटेत आकडे बदलता येतात का?"

"आकडे बदलायची अक्कल असती अण्णा, तर मी तालुक्याला हापीस टाकलं असतं."

आतून अण्णांच्या पत्नी छबुबाई म्हणाल्या, "त्यान्ला आधी च्या तर घेऊ द्या! का कपाची बी झडती घ्यायचीय?"

चहा झाला. केबल जोडली गेली. जुने पोर्ट वेगात अडखळते म्हणून चाँदभाईंनी गती मुद्दाम कमी ठेवली. बारा मिनिटे पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकत राहिली आणि बारा मिनिटे अण्णा तिच्याऐवजी चाँदभाईंच्या बोटांकडे पाहत राहिले. अखेर फाइल लॅपटॉपवर उघडली. तीत एकही मराठी अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची नुसती भेसळ होती.

अण्णा उठून उभे राहिले. "विजयसिंहांनी किती दिले?"

चाँदभाईंचा चेहरा क्षणभर उतरला. पण आवाज त्यांनी चढवला नाही. "बसा अण्णा. फाइल आली, फॉन्ट मागंच राहिला. तुमची मराठी ज्या साच्यात टायपली, तो साचा या मशीनीत न्हाई." त्यांनी फॉन्टची फाइलही त्याच केबलीतून ओढून आणली. पुन्हा उघडताच 'विहीर क्रमांक १, गावविहीर' ही ओळ जशीच्या तशी उमटली.

अण्णांनी क्षमा मागितली नाही. ते म्हणाले, "रुजुवात करू. तुम्ही नकल वाचा, मी मूळ पाहतो."

"सगळी?"

"सगळी."

दुपार टळली. चाँदभाई वाचीत होते, अण्णा मूळ पडद्यावर ओळीखाली धरलेली पट्टी सरकवीत होते. आकड्यामागून आकडा जुळत होता आणि जुळण्यातही अण्णांना काही डाव असावासा वाटत होता. सतरा क्रमांकाच्या विहिरीवर मात्र चाँदभाई थांबले.

"अजमतबीची विहीर. दसरा २०१३, एकोणीस फूट." त्यांनी मान वर केली. "अण्णा, ही माझ्या दादीची विहीर. दादी त्या सालच्या पावसाळ्याच्या तोंडाला गेली. चाळिसाव्या दिवसाच्या आत विहीर ढासळली, आब्बांनी मुरूम टाकून बुजवली. दसऱ्याला तिथं पाणी कुठून मोजलं?"

हा माणूस याच गावचा, हे अण्णांना आजवर ठाऊक नव्हते. त्यांचा पहिला विचार ठरलेलाच होता. "हे तुम्हाला कोणी शिकवून पाठवले?"

उत्तर आतून आले. छबुबाई हात पुसत दारात उभ्या राहिल्या. "मी गेलते चाळिसाव्याला. बुजवलेली पाह्यलीय मी. आन् तुमी तवा कुठं व्हते? गुडघ्याचं आपरेशन होऊन दोन साल खाटंवर! म्या म्हणलं, शेजारच्या बंकटला दोर द्या, त्यो मोजून आणील. तर म्हणे, बंकट लबाड हाय."

अण्णा खुर्चीत बसले. सारे आठवत होते. आठवत नव्हते असे म्हणण्याची सोय नव्हती. त्या चार खेपांना त्यांनी काठी टेकीत जाऊन केवळ अंगणातल्या स्वतःच्या विहिरीत दोर सोडला होता आणि तिच्या चढउताराच्या हिशेबाने उरलेल्या बावीस विहिरींचे आकडे घरात बसून मांडले होते. गावात दोर हाती द्यावा असा एकही माणूस त्यांना सापडला नव्हता. हिंडू लागल्यावर सतरा नंबरची विहीर बुजलेली दिसली, तेव्हा त्यांनी तिची पुढची नोंद थांबवली, पण मागचे आकडे तसेच राहू दिले. चार खेपा, बावीस विहिरी, अठ्ठ्याऐंशी नोंदी.

"हे विजयसिंहांच्या ध्यानात आले, तर बाकीच्या अकराशेही ते खोट्या ठरवतील," अण्णा हळू म्हणाले.

"पुसून टाकू का? कुणाला काय कळतंय?" चाँदभाईंनी विचारले.

अण्णांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. हा सापळा होता की आपुलकी, याचा निर्णय त्यांना करता आला नाही. त्यांनी कळफलक पुढे ओढला आणि एकेका ओळीपुढे लिहू लागले: 'प्रत्यक्ष मोजणी नाही, अंदाज.' अठ्ठ्याऐंशी वेळा. मग फाइल पुन्हा केबलीतून गेली. पुन्हा बारा मिनिटे. या वेळी अण्णा निळ्या पट्टीकडे पाहत होते. नव्या ओळींची रुजुवात संपली आणि चाँदभाईंनी नकल पेनड्राइव्हवर उतरवली, तेव्हा अण्णांनी सवयीने लाखेची कांडी काढली.

"अण्णा, पाया पडतो! त्याच्या तोंडात नको!"

अण्णांनी पेनड्राइव्ह लिफाफ्यात घातला आणि लाख लिफाफ्यावर लावली.

ग्रामसभेत विजयसिंह उठलेच. अण्णा दोन वर्षे खाटेवर होते, तेव्हाचे आकडे कोठून आले, असे त्यांनी हसत विचारले. अण्णांनी उत्तरादाखल 'अंदाज' असा शेरा मारलेल्या अठ्ठ्याऐंशी नोंदींची यादी वाचून दाखवली आणि खाली बसले. बोअरचा विषय दसऱ्यापर्यंत थांबला. त्या दिवशी विहिरी नव्याने मोजाव्यात, दोर विजयसिंहांच्या माणसाने धरावा, असे ठरले.

दसऱ्याच्या सकाळी गावविहिरीवर अण्णांनी तो दोर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती दिला. विजयसिंहांचा माणूस सुग्रीव तो खाली सोडू लागला. अण्णा काठावर वाकून, ओठ हलवीत, प्रत्येक गाठ स्वतः मोजत होते.

"चौदा," सुग्रीव म्हणाला.

"पुन्हा सोडा," अण्णा म्हणाले.