खिळ्याला मिळालेले नऊ गुण

शनिवार, सकाळचे साडेआठ. सहावीचा वर्ग. पट एकतीस, हजर सत्तावीस, गैरहजर चार. प्रश्न वीस, प्रत्येकी एक गुण. शिवाय हजर : झाडे मॅडम, त्यांचा मोबाइल, आणि शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून निकालावर सही करायला बोलावलेला मी.

आंजीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत झाडे मॅडम अकरा वर्षं होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी पुठ्ठ्यांवर परीक्षा घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाला त्याच्या क्रमांकाचा चौकोनी पुठ्ठा. त्यावर काळ्या चौकटींची नक्षी आणि चार कडांना अ, ब, क, ड. मॅडम प्रश्न वाचत. मुलं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असा पुठ्ठा धरत. मग मॅडम वर्गावरून मोबाइल सावकाश फिरवत आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते पडद्यावर उमटे. "पयले वर्षाले दोन डझन लाल पेनं लागे," त्या सांगत, "आता फक्त हात दुखते."

हजेरीचीही त्यांनी सोय केली होती. मागच्या भिंतीला एकतीस खिळे. आल्यावर आपला पुठ्ठा काढून घ्यायचा, जाताना परत अडकवायचा. "खिळ्यावर पुठ्ठा असला म्हणजे पोट्टं घरी. नावं घेऊन घसा काऊन सुकवाचा?" त्या दिवशी कापसाच्या वेचणीमुळे चार पुठ्ठे लटकत होते.

चाचणी संपली. मॅडमनी निकाल माझ्यापुढे धरला. "करा सही, भाऊ. सोमवारी साऱ्या केंद्रातले गुरुजी हे पाहाले येऊन राह्यले. चूक निघाली तर म्हणतीन, म्हातारीच्या हाती मोबाइल देल्ला कोनं."

आकड्यांवरून बोट फिरवल्याशिवाय मी सही करत नाही. हजर सत्तावीस आणि गुण एकतीस जणांना. चारही गैरहजरांना बरोबर नऊ-नऊ. उत्तीर्ण व्हायला सात लागतात. समोर बसून परीक्षा दिलेल्या माझ्या मुलाला सात होते.

"मॅडम, वेचणीला गेलेली पोरं पास कशी झाली?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मीही पाहिलं. पुठ्ठ्याला भोक क च्या कडेला होतं, त्यामुळे लटकणाऱ्या चारही पुठ्ठ्यांवर क वर. मी प्रश्नपत्रिका मोजली. बरोबर उत्तर क, नऊ वेळा. मोबाइलनं वर्गासोबत भिंतही तपासली होती.

मॅडम खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की वर्ग हसायला लागला, कशासाठी ते न कळता. "भाऊ, खिळ्यानं तुमच्या पोराले दोन गुणानं हरवलं."

"खिळा एका जागी बसतो, मॅडम. आमचा बसत नाही."

चार नोंदी पुसल्या की ताळा जुळतो, सोमवारी विषय काढायची गरज नाही, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "नाई भाऊ. खिळा पास झाला तर चूक माह्या पेपराची हाये. मले बरोबर उत्तर क मंदी टाकाची खोड."

सोमवारी बावीस गुरुजींपुढे त्यांनी हेच आधी सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, मंग खिळ्याले सातवीत घालाचं का?"

"घाला ना. रोज हजर राह्यते."

त्या चार मुलांची चाचणी पुन्हा झाली. चौदा, सोळा, अकरा आणि सहा. सहावाली वैष्णवी म्हणाली, "मॅडम, मले खिळ्याचेच नऊ राहू द्या ना."

"सहा तुहे सोताचे हायेत, बाई. बाकीचे आपण दोघी मिळून कमावू." मधल्या सुट्टीत रोज दहा मिनिटं बसून पुढच्या चाचणीत तिनं बारा कमावले.

तेव्हापासून परीक्षेच्या वेळी खिळ्यांवर चादर ओढली जाई, आणि मॅडमच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत अ, ब, क, ड पाच-पाच वेळा. मी मोजून पाहत असे.

या उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन वर्ध्याला राहायला गेल्या. मुलांनी बत्तिसावा खिळा ठोकला, त्यावर मॅडमच्या नावाचा पुठ्ठा लावला आणि मोबाइलच्या यादीतही नाव घातलं. नवे सर मॅडमच्याच प्रश्नपत्रिका वापरतात. पहिल्या चाचणीला ते चादर ओढायला विसरले. निकाल माझ्याकडे आला. शेवटची ओळ : झाडे मॅडम, वीसपैकी पाच.

सही करण्याआधी मी त्यांना फोन लावला.

"म्हणजे मी नापास?"

"हो. दोनानं."

पलीकडे त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "करा सही, भाऊ. खिळा नापास झाला म्हणजे पेपर बरोबर निघाला."

मी सही केली. झाडे मॅडम, गैरहजर, पाच गुण.