न विचारलेल्या प्रश्नांची पाहणी

ही हकिकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आफ्रिकेतल्या मलावी देशात केलेल्या नोकरीबद्दल कुणी विचारलं, की तिथला तलाव, मासे आणि आंबे यांचं वर्णन करून मोकळा व्हायचो. यंदा अमेरिकेत मुलाकडे मॉरिसव्हिलला गेलो आणि कळलं, की एस्तेर तिथून तासाभरावर लेकीकडे राहते.

एस्तेर म्हणजे मलावीतल्या त्या खेड्यातली नर्स. मी तिथे एड्सच्या पाहणीवर होतो. गरोदर बायकांचं रक्त दवाखान्यात ती तपासायची. पुरुषांकडे बाईने जाऊन चालत नसे; त्यांना मोडक्यातोडक्या चिचेवात (तिथली भाषा) मी विचारायचं होतं : परमुलखात खाणीवर कामाला असताना कुणा बाईकडे जात होता? वडिलांच्या वयाच्या माणसांना हे विचारायला माझी जीभ रेटेना. मी पीकपाण्याची चौकशी करायचो आणि खोलीवर येऊन सगळ्यांच्या कागदावर ‘नाही’ लिहायचो. निकाल गावसभेत वाचला गेला : काही बायका बाधित, पुरुष सगळे ‘नाही’. गावाने अर्थ काढला, रोग बायकाच आणतात. एस्तेरची बहीण मेरी तपासणीत बाधित निघाली होती. नवऱ्याने तिला तान्ह्या बाळासकट हाकललं. ती माहेरी वारली.

सून केतकी मला घेऊन निघाली. दुतर्फा पाइनची झाडं. रस्ता खणलेला तिथे थेट मलावीसारखी लाल माती.

“बाबा, आज मी लेन चेंज केली तरी ओरडला नाहीत. नर्व्हस आहात?”

“रस्त्याकडे बघ,” मी म्हणालो.

दारातच एस्तेर हसली. “बांबो (पुरुषांना आदराने म्हणतात), केस कुठे विसरलात?”

जेवायला न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि शेंगदाण्याचं कूट लावलेली पालेभाजी होती. केतकीने दुसऱ्यांदा घेतली. मी विचारलं, “रोग कुठून येत होता, ते पुढे कळलं का?”

“दुसरे लोक आले, त्यांनी आधी पुरुषांना तपासलं. ते सणाला बसने घरी यायचे. ब्लँकेटं आणायचे, रेडिओ आणायचे, आणि हेही. बायका तर गावाबाहेर पडतच नव्हत्या.” तिने माझ्या ताटात भाजी वाढली. “मेरीचा नवरा तुमच्याशी खोटं बोलला, बांबो. त्यात तुमचा काय दोष?”

मी म्हणालो, “भाजी फार छान झालीय.”

परतताना केतकीने विचारलं, “झाल्या ना मनसोक्त गप्पा?” मी मान हलवली.

आता भारतात घरी येऊन महिना झाला. दर रविवारी एस्तेरला फोन करतो. ती गुडघ्यांबद्दल सांगते, मी हवेबद्दल. फोन ठेवला की मग सांगायचं ते आठवतं : एस्तेर, तो खोटं बोलला नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं. मला माफ कर. हे मी इथे लिहिलं खरं, पण मराठीत. आणि एस्तेरला मराठी वाचता येत नाही.