चिकटपट्टी लावलेली कॅसेट

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आता घरात ऐकायला कोणी नाही — म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

ऐंशीच्या दशकात मी ठाण्यात, खाडीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होतो. वर्गात कोळ्यांची मुलं, घाटावरून आलेल्यांची, दोन-चार घरी गुजराती बोलणारी. शाळेला टेपरेकॉर्डर मिळाला तेव्हा मला सुचलं — प्रत्येक घरचं बोलणं टेप करावं आणि सगळ्या वर्गाला ऐकवावं.

बेबी चौथीत होती. कोळ्याची पोर, वर्गात तोंड उघडत नसे. तिची आई मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत आली आणि भरती-ओहोटीबद्दल बोलत सुटली; टेपचं बटण मी बेबीलाच दाबायला दिलं होतं. पोरं गप्प बसून ऐकत होती. बेबी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे तुकडे तिच्यादेखत मोडले. म्हटलं, "आता यावर कोणी दुसरं काही टेप करू शकणार नाही."

मग शाळेची तपासणी जवळ आली. मुख्याध्यापकांनी कॅसेट ऐकली. "मास्तर, वर्ग चालवताय की मासळीबाजार?" सगळे शिक्षक हसले. मीही — हो, मीही हसलो.

नवी कॅसेट आणता आली नसती का? दुकान समोरच होतं. पण तो ‘मासळीबाजार’ माझ्याकडे उरला नाही, हे मला मुख्याध्यापकांना दाखवायचं होतं. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली, की पुन्हा टेप करता येतं; ती लावली आणि त्या कॅसेटवर दुसऱ्या मुलींच्या कविता टेप केल्या — पुस्तकातल्या, स्वच्छ उच्चारांच्या. तपासणीला आलेले साहेब खूश झाले.

त्याच वर्षी बेबीची आई काविळीने गेली. तेरावं झाल्यावर बेबी माझ्या टेबलाशी आली. "गुरुजी, माजे आयचा आवाज लावा ना."

मी म्हणालो, फीत मशीनमध्ये अडकून तुटली.

ती टेपरेकॉर्डरकडे बघत राहिली. मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "जाव द्या गुरुजी. तुमी काय मुद्दाम केलाव?"

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. शाळा सुटल्यावर मी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. कविता थोड्या कमी पडल्या होत्या. त्या संपल्यावर, अगदी शेवटी, बेबीची आई होती. लेकीशीच बोलत होती. तेवढं तरी देता आलं असतं ना? दिलं असतं, तर माझं खोटं उघडं पडलं असतं. नाही दिलं.

पुढे नव्वदनंतर बेबी बाजारात आईच्या जागी बसू लागली. मी मागच्या गल्लीने जायचो.

कॅसेट माझ्याकडेच आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. अजून लावतो कधीतरी. कविता संपतात, जरा खरखर होते आणि ती म्हणते, "झाला काय गो, बेबी? बंद कर आता. मना बाजारान जावाचा हाय."

बेबीला हाक मारलेली आहे ती. इतकी वर्षं मी एकटाच ऐकतो आहे.