लाडवाचा भुगा

अंगणवाडीची रजिस्टरं भरली की कपाटात ठेवता येतात. किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात, आणि आमच्या आटपाडीकडच्या गावात त्यांना तोटा नाही.

दिलशाद ही पिंजाऱ्याची सून. नवरा गावोगाव गाद्या भरत फिरतो. तिची तीन वर्षांची सानिया वजनाला कमी भरली. मी घाईत म्हणाले, "सानी मॅममध्ये आहे." मॅम म्हणजे आमच्या कागदावर मध्यम कुपोषित. दिलशादनं गल्लीभर सांगितलं, "आमची सानी म्याम झाली!"

खरा अर्थ सांगितला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मग काडा की बाई तिला त्यातनं," म्हणाली.

*

अशा पोरांना रोजच्या खिचडी-उसळीवर शेंगदाणा-गुळाचा एक लाडू जादा मिळतो. सानी ताट चाटूनपुसून खायची, तरी दोन महिने वजन हलेना. आमच्या मदतनीस शांताबाईंना काट्याचाच संशय. त्यांनी पाच किलो डाळीची पिशवी ठेवून बघितली. बरोबर पाच भरली.

"काटा खरा हाय," त्या म्हणाल्या. "आता पोरगीच तपासा."

*

तपासली. फ्रॉकच्या खिशात लाडवाचा भुगा!

"खाल्ला का नाहीस गं?" मी विचारलं.

"बाळाचा हाय."

"कुठलं बाळ?"

"अम्मीच्या पोटातलं. त्याला दात न्हाईत, म्हनून बारीक केलाय."

शांताबाई पदराआड हसल्या. मला हसू येईना. गरोदर बाईला आमच्याकडे फुकट आहार मिळतो. पण पाचवा महिना लागेपर्यंत सांगायचं नाही, नजर लागते, म्हणून दिलशाद गप्प राहिली होती. घरात सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खात होती. तिचा राग आला, आणि मला कळलं नाही याचा त्याहून जास्त. त्याच दिवशी दिलशादचं नाव गरोदर बायांच्या यादीत घातलं. पाचवा लागेपर्यंत ती सानीला सोडायच्या निमित्तानं यायची आणि शांताबाईंसमोर बसून जेवायची. सानीचा लाडू सानीच्या पोटात जायला लागला. पुढं सानी वजनाच्या तक्त्यावर हिरव्या, म्हणजे चांगल्या वजनाच्या पट्ट्यात आली.

*

बाळ झालं. दिलशाद त्याला वजनाला घेऊन आली. काटा तीन किलोच्या वर गेला. मी दोनदा बघितलं.

"एवढं वजन कशानं गं भरलं?" शांताबाईंनी दिलशादला विचारलं.

दिलशाद काही बोलायच्या आत सानी पुढं झाली. बाळाचा ओठ बोटानं खाली ओढून तिनं आम्हाला दाखवलं.

"बगा, हायेत का दात? मी बारीक करून ठेवलं, म्हनून खाल्लं त्यानं."